एका घरात एकच रेक्टर
घरच्या वायफायला पत्ता का मिळत नाही आणि तो कसा मिळवून द्यावा?

पोंभुर्ण्यातले एक घर डोळ्यांसमोर आणा. बाप राईस मिलमध्ये पोती उचलतो. आई पावसाळ्यात रोवणीला जाते, उन्हाळ्यात तेंदूपानाला. थोरली मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, धाकटा मुलगा नववीत. पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून पोटाला चिमटा घेऊन घरात फायबरचे कनेक्शन घेतले आहे. आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख. मुलीने कागद जमवले, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळ्यांचे फोटो काढून ठेवले. संध्याकाळी सहाला वीज गेली. आठला आली. डब्यावरचे दिवे हिरवे झाले आणि मुलीने मोबाईल हातात घेतला.

पडद्यावर अक्षरे आली : ‘आयपी पत्ता मिळवत आहे’. चक्र फिरत राहिले. बऱ्याच वेळाने ते थांबले आणि दुसरी अक्षरे आली : ‘जोडले, इंटरनेट नाही’. इकडे त्याच खोलीत, त्याच खाटेवर बसून धाकटा भाऊ मजेत व्हिडिओ पाहत होता.

बापाने विचारले, “काऊन वं बाई, त्याच्या मोबाईलात चालते न् तुयाच्यात काऊन नाही?”

“मले का मालूम, बाबा. पत्ता भेटून नाही राहिला म्हणते.”

चुलीजवळून आई म्हणाली, “पत्ता? आपला पत्ता तं राशन कार्डावर आहे न!”

पोरे हसली. पण वाचकहो, त्या माउलीचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. रोगाच्या मुळावर नेमके बोट तिनेच ठेवले होते. घर आहे, माणसे आहेत, पोस्टमनही दारापर्यंत आला आहे. पण दारावर नंबर चुकीचा असेल तर पत्र यायचे कसे? घरच्या वायफायचे पुष्कळसे रडगाणे या एका पत्त्यापाशी येऊन थांबते. हा पत्ता काय असतो, तो कोण देतो, कधी अडतो आणि अडला तर आपण घरच्या घरी काय करावे, हे आज समजून घेऊ या.

पत्त्याचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको

पत्ता म्हणजे नुसती ओळ नव्हे, हे आपल्या लोकांइतके कोणाला ठाऊक आहे? पिढ्यान् पिढ्या आपल्या वस्तीचा पत्ता जातीच्या नावाने लिहिला गेला. शाळेच्या दाखल्यावर, पोस्टाच्या पाकिटावर, पोलीस ठाण्याच्या वहीत तोच. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पत्ता बदलला की माणसाकडे पाहण्याची नजर बदलते, म्हणूनच त्यासाठी आग्रह धरावा लागला.

इंटरनेटच्या जगात माणसाची जात नाही की वस्ती नाही. तिथे प्रत्येक यंत्राला फक्त एक आकडा असतो. मोबाईल असो, संगणक असो की वायफायवर चालणारा टीव्ही, नंबर हवाच. या नंबराला आयपी पत्ता म्हणतात. तो चार भागांत लिहितात आणि मध्ये टिंबे देतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. आपण अर्ज मागवला की अर्जाचे पान तुकड्या-तुकड्यांनी याच पत्त्यावर येते. पत्ताच नसेल तर पान पाठवायचे कुठे?

वसतिगृहाचा रेक्टर

आता हा पत्ता देतो कोण? आपल्या घरात फायबरची तार जिथे येते तो डबा. कोणी त्याला राउटर म्हणते, कोणी मोडेम, कंपनीचा माणूस ओएनटी म्हणतो. त्या डब्याच्या पोटात पत्ते वाटणारा एक कारभारी बसलेला असतो. त्याचे नाव डीएचसीपी. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. आपल्यापैकी ज्यांनी समाजकल्याणच्या वसतिगृहात दिवस काढले, त्यांनी त्याला रेक्टर समजावे.

नवा मुलगा पेटी घेऊन वसतिगृहाच्या दारात येतो. तो कोणाला ओळखत नाही, म्हणून मोठ्याने विचारतो, “इथे खाटा कोण देतो? मला एक खाट हवी.” रेक्टर म्हणतो, “बारा नंबरची खाली आहे.” मुलगा म्हणतो, “मग तीच द्या.” रेक्टर वहीत नाव लिहून म्हणतो, “दिली. उद्या याच वेळेपर्यंत तुझी. पुढे राहायचे असेल तर पुन्हा सांग.”

मोबाईल आणि डबा यांच्यात हीच चार वाक्ये बोलली जातात. मागणी, देकार, पसंती आणि पावती. सगळे क्षणात उरकते. म्हणून एरवी आपल्याला ते कळतही नाही. ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ ही अक्षरे रेंगाळली की समजावे, या चार वाक्यांपैकी एखादे कुठेतरी हरवले.

पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीने मिळतो. पुष्कळ घरी ही मुदत चोवीस तासांची असते. मुदत निम्मी सरली की मोबाईल आपण होऊनच मुदतवाढ मागतो. आपण जेवत असतो, झोपलेले असतो, तेव्हा हा व्यवहार चालू असतो.

रेक्टर कधीपासून बसला?

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. तेव्हा आपल्या भागात कितीतरी गावांत साधा टेलिफोन पोचायचा होता. डीएचसीपीचा नियम मात्र त्याआधीच, १९९३ साली लिहिला गेला होता आणि १९९७ साली तो सुधारून पक्का झाला. त्यापूर्वी पुष्कळ यंत्रांत माणसाने बसून हाताने नंबर भरावा लागे. एक आकडा चुकला की यंत्र मुके होई.

आणखी एक नियम १९९६ साली ठरला. जगात असे पत्ते एकंदर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ होतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या वर आहे आणि एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन यंत्रे आहेत. पुरणार कसे? म्हणून काही नंबर घरगुती वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर त्यांतलेच. पोंभुर्ण्याच्या घरातही १९२.१६८.१.५ असू शकतो, मूलच्या घरातही आणि मुंबईच्या चाळीतही. भांडण होत नाही, कारण तो नंबर घराच्या उंबऱ्याच्या आतच चालतो. खाट नंबर पाच प्रत्येक वसतिगृहात असते, तसेच हे. बाहेर जाताना सगळे घर डब्याच्या एकाच बाहेरच्या पत्त्याने जाते.

तरीही पत्ते संपलेच. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. तेव्हापासून बऱ्याच कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत मिळून वापरतात. आयपीव्ही-सहा नावाचे नवे, लांबलचक पत्ते आले आहेत. ते इतके आहेत की संपण्याची भीती नाही आणि त्यांच्या वापरात भारत जगात पुढे आहे. मात्र घरातल्या डब्याचा जुना रेक्टर अजून कामावर आहे आणि आपली गाठ त्याच्याशीच पडते.

आधी आकडा वाचावा

ताप आला की वैद्य आधी नाडी पाहतो. तसे वायफाय अडले की आधी आकडा पाहावा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये वायफायवर जा, आपल्या वायफायच्या नावावर बोट ठेवा. आत आयपी पत्ता आणि त्याच्याखाली गेटवे असे दोन आकडे दिसतात. गेटवे म्हणजे बाहेर जायचे दार, अर्थात डब्याचा स्वतःचा नंबर. हे आकडे पडद्यावर इंग्रजी अंकांत असतात, पण अंक वाचायला इंग्रजी लागत नाही.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल आणि गेटवेचे पहिले तीन भाग त्याच्याशी जुळत असतील, तर मोबाईलला पत्ता मिळाला आहे. मग घरातल्या दुसऱ्या मोबाईलचा आकडा पाहावा. दोन्हींचे पहिले तीन भाग सारखे आहेत आणि तरीही कोणाचेच इंटरनेट चालत नाही, असे असेल तर दोष बहुधा डब्याच्या बाहेर आहे. डब्यावर लाल दिवा लुकलुकतो का ते पाहावे. लाल दिवा म्हणजे फायबरमधून उजेड येत नाही. तार तुटली असेल, कुठे दाबली-मुरडली असेल. तिथे आपला इलाज नाही, तक्रारच करावी.

पत्त्याची जागा रिकामी असेल, किंवा ‘आयपी पत्ता मिळवता आला नाही’ असे येऊन मोबाईल सुटून जात असेल, तर रेक्टरने उत्तर दिले नाही.

संगणकावर पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर तो कोणी दिलेला नाही. दार ठोठावून थकलेल्या मुलाने ओसरीवर पेटी ठेवावी आणि खडूने स्वतःच एक नंबर लिहून बसावे, तसा तो आकडा आहे. त्या आकड्याने बाहेरच्या जगात जाता येत नाही. हा आकडा दिसला की मागणी रेक्टरपर्यंत पोचली नाही, असे खुशाल समजावे.

आणि एक चौथा प्रकार. पत्ता १९२.१६८ नेच सुरू होतो, पण घरातल्या एका मोबाईलचा तिसरा भाग एक असतो आणि दुसऱ्याचा शून्य. ही खूण लक्षात ठेवा. पोंभुर्ण्याच्या त्या घरात हेच झाले होते. त्याकडे आपण येणारच आहोत.

पत्ता अडण्याची कारणे

पहिले कारण वीज. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कडाडल्या की लाईट जातो, उन्हाळ्यात भार वाढला की जातो. लाईट गेला की डब्याची वही कोरी होते. कोणती खाट कोणाला दिली होती हे पुष्कळ स्वस्त डबे विसरून जातात. लाईट आल्यावर डबा पुन्हा पहिल्यापासून खाटा वाटू लागतो. इकडे एखादा मोबाईल जुनीच खाट धरून बसलेला असतो. मग एकाच खाटेवर दोघे झोपू पाहतात आणि दोघांनाही झोप येत नाही. संगणकावर ‘आयपी पत्त्याचा संघर्ष’ अशी सूचना येते ती याचीच.

दुसरे कारण खाटा संपणे. काही डब्यांत मुळात थोडेच पत्ते वाटायला ठेवलेले असतात. घरी मंगल परिणय आहे, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूरहून पाहुणे आले आहेत, प्रत्येकाने वायफायचा पासवर्ड विचारून घेतला. पाहुणे जेवून निघून गेले, पण त्यांच्या खाटा उद्यापर्यंत त्यांच्याच नावावर आहेत. मग घरचाच मुलगा रात्री दारात उभा राहतो आणि रेक्टर म्हणतो, जागा नाही. अशा वेळी डबा बंद करून चालू केला की वही कोरी होते आणि तेवढ्यापुरते काम भागते. कायमचा उपाय म्हणजे डब्याच्या सेटिंगमध्ये पत्त्यांची मर्यादा वाढवणे आणि मुदत दोन-चार तासांवर आणणे.

तिसरे कारण न विचारता खाट धरणे. एखाद्या जाणत्या पोराने कधीतरी मोबाईलमध्ये किंवा संगणकात हाताने नंबर भरून ठेवलेला असतो. सेटिंगमध्ये ‘स्थिर’ किंवा ‘स्टॅटिक’ असे दिसेल. तो नंबर जुन्या घरी, जुन्या डब्यापाशी चालत होता. नव्या डब्यापाशी तो परका. तिथे ‘डीएचसीपी’ किंवा ‘आपोआप’ हा पर्याय निवडला की काम होते.

चौथे कारण अनोळखी नाव. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक कायमची ओळख मिळते, तिला मॅक पत्ता म्हणतात. शेजाऱ्यांनी वायफाय वापरू नये म्हणून काही जण डब्यात ठरावीक मॅक पत्त्यांचीच यादी करून ठेवतात. पण २०१९-२० पासूनचे बरेच मोबाईल आपली खरी ओळख लपवतात आणि दर वायफायला वेगळे नाव सांगतात. माग काढणाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून ही सोय आहे. परंतु यादीत खरे नाव आणि दारात खोटे नाव, मग कारभारी आत घेईल कसा? अशा वेळी घरच्या वायफायपुरते मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यंत्राचा मूळ मॅक’ निवडावा, किंवा ती यादीच काढून टाकावी. चांगला पासवर्ड असला तर यादीची गरज राहत नाही.

पाचवे कारण भिंती. आपल्याकडे मातीच्या हातभर जाड भिंती, वर कवेलू किंवा टिनपत्रे. वायफायच्या लहरी टिनातून जात नाहीत, जाड भिंतीतून कशाबशा जातात. मोबाईलची मागणी किंवा डब्याचे उत्तर वाटेतच विरते. अशा वेळी डब्याच्या खोलीत जाऊन पाहावे. तिथे पत्ता लगेच मिळाला तर दोष पत्त्याचा नसून अंतराचा आहे. डब्यातून बहुधा दोन नावांची वायफाय निघते, एक २.४ ची आणि एक ५ ची. पाचवाली वेगवान पण भिंतीपुढे हार मानणारी. दूरच्या खोलीत २.४ वाली घ्यावी. डबा घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा, पण टिनाला लागून नको. आपल्या जिल्ह्यातला मे महिना माणसाला सोसवत नाही, तिथे डब्याची काय कथा!

दोन रेक्टरांचे भांडण

आता सहावे कारण, आणि सर्वांत फसवे. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून कोणीतरी दुसरा राउटर आणतो. तार पहिल्या डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात खुपसतो. वायफायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवतो. दिवे लागतात, सगळे खूश होतात. पण नव्या डब्याच्या पोटातही एक रेक्टर बसलेला आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता एका वसतिगृहात दोन रेक्टर झाले. नवा मुलगा दारात येऊन मोठ्याने विचारतो, “खाटा कोण देतो?” दोघेही उत्तर देतात. मुलगा ज्याचा आवाज आधी ऐकतो त्याच्याकडे जातो. पहिल्या रेक्टरने खाट दिली तर सगळे ठीक. दुसऱ्याने दिली तर तो खाट देतो आणि सांगतो, “बाहेर जायचे असेल तर माझ्या दारातून जा.” पण त्याच्या दारापलीकडे रस्ताच नाही! फायबरची तार पहिल्याकडे आहे. मोबाईल म्हणतो, जोडले. आणि खाली लिहितो, इंटरनेट नाही.

पोंभुर्ण्याच्या त्या घरात नेमके हेच घडले. गेल्याच आठवड्यात काकाने चंद्रपूरहून एक वापरलेला राउटर आणून मागच्या खोलीत लावला होता. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये जुन्या डब्याने दिलेले पत्ते होते आणि त्यांची मुदत वाढत होती, म्हणून काही दिवस कोणाला काही कळले नाही. वीज गेली आणि आली. काकाचा लहान डबा चटकन जागा झाला, फायबरचा मोठा डबा रेंगाळला. मुलीच्या मोबाईलने घाईत विचारले आणि काकाच्या डब्याने खाट देऊन टाकली. भावाने मोबाईल उशिरा हातात घेतला, तोवर मोठा डबा जागा झाला होता.

मुलीने दोन्ही मोबाईल शेजारी ठेवून आकडे पाहिले. भावाचा १९२.१६८.१.५, तिचा १९२.१६८.०.१०३. तिसरा आकडा वेगळा. गेटवेही वेगळा. ती उठली, मागच्या खोलीत गेली आणि काकाच्या डब्याची पिन काढली. आपल्या मोबाईलचे वायफाय बंद करून पुन्हा चालू केले. चार वाक्यांचा तो संवाद यावेळी एकाच रेक्टरशी झाला. पत्ता आला १९२.१६८.१.७. तारीख बदलण्याच्या आत अर्ज गेला आणि पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला.

काकाचा डबा काही फेकून द्यायचा नाही. त्यातला रेक्टर तेवढा घरी पाठवायचा. त्यासाठी तो डबा फायबरच्या डब्यापासून सोडवून एकटाच चालू करावा आणि मोबाईल त्याच्या वायफायला जोडावा. ब्राउझरमध्ये त्याचा गेटवेचा आकडा टाकला की त्याचे पान उघडते. नाव-पासवर्ड डब्याच्या खाली चिकटवलेले असतात. वापरलेल्या डब्याचा पासवर्ड आधीच्या मालकाने बदललेला असू शकतो, म्हणून तो घेतानाच विचारून घ्यावा. आत ‘ऍक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तोच निवडावा, बाकीचे तो आपण करतो. नसेल तर त्या डब्याला पहिल्या डब्याच्या रांगेतला, पण पहिला डबा वाटत नाही असा एक नंबर द्यावा. पहिला डबा दोनशेपर्यंत वाटत असेल तर १९२.१६८.१.२५० चालेल. मग डीएचसीपी बंद करून सेटिंग जतन करावे. शेवटी पहिल्या डब्याच्या ‘लॅन’ भोकातून तार काढून या डब्याच्याही ‘लॅन’ भोकात घालावी, ‘वॅन’ लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात नको. मग मागच्या खोलीतही वायफाय आणि घरात रेक्टर एकच.

हे मात्र करू नये

डब्याच्या मागे सुईच्या टोकाने दाबायचे एक बारीक भोक असते. वैतागलेला माणूस त्यात सुई खुपसतो. त्याने डब्यातली सगळी माहिती पुसली जाते. कंपनीने भरलेले नाव आणि पासवर्डही जातात. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर अंधारात. डबा बंद-चालू करणे म्हणजे त्याची पिन काढून लावणे. सुई लावणे नव्हे.

फायबरची तार तुटली तर तिच्या टोकात डोळा घालून उजेड येतो का पाहू नये. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लहान मुलांना तर अवश्य बजावावे.

दुरुस्तीला आलेल्या माणसासमोर गप्प बसू नये. तक्रार नोंदवली की तक्रार क्रमांक मागावा, वहीत तारखेसह लिहावा. काय बिघडले होते, काय बदलले, हे विचारावे. “तुम्हाला नाही समजणार” असे कोणी म्हटले तर नम्रपणे सांगावे, “समजावून सांगा, समजेल.” पैसे आपण देतो, उत्तर मागण्याचा हक्क आपला आहे.

हे काम कोणी शिकावे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या कितीतरी घरांत एकच मोबाईल होता आणि तीन पोरे होती. कोणाचा तास बुडवायचा हे आईला ठरवावे लागे, आणि पुष्कळदा मुलीचा बुडे. २०११ साली मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाणारी केंद्राची योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे. पण तार गावात आली म्हणजे ज्ञान घरात आले असे होत नाही. शेवटचे दहा हात आपल्यालाच चालायचे असतात.

मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मुलामुलींना कॉलेजची वाट मोकळी करून देत आली आहे. आज तिचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवरच भरावा लागतो. वसतिगृहाचा प्रवेश, प्रवेश परीक्षेचा अर्ज, निकाल, सगळे इंटरनेटवरच. म्हणजे वायफायचा पत्ता अडला तर नुसता सिनेमा अडत नाही, एक वर्ष अडू शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तिच्या वसतिगृहाने अभ्यासाच्या वेळी मोबाईल वापरण्याला बंदी केली होती. तिने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृह सोडावे लागले होते. ती कोर्टात गेली आणि जिंकली. हक्क कागदावर आहे. तो घरच्या डब्यातून रोज मिळवायचा असेल तर थोडे शिकावे लागेल.

आणि हे फक्त मुलाने शिकावे असे काही नाही. मुलीने शिकावे, सुनेने शिकावे, दहावीपर्यंत शिकलेल्या आईने शिकावे. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला चार आकडे जड नाहीत. आपल्या वस्तीत एका घराला आले की त्याने शेजारच्या घराला सांगावे. विहारात रविवारी पोरे जमतात. तिथे अर्धा तास दोन मोबाईल शेजारी ठेवून आकडे वाचायला शिकवता येईल.

भिंतीवर लावून ठेवण्यासाठी

१. एकाच मोबाईलचे अडले की सगळ्यांचे, ते आधी पाहा.
२. सगळ्यांचे अडले आणि डब्यावर लाल दिवा असेल, तर तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून घ्या.
३. एकाचेच अडले असेल तर त्याचे वायफाय बंद करून चालू करा. नाही जमले तर ते वायफाय ‘विसरा’ म्हणा आणि पासवर्ड पुन्हा टाका.
४. तरी नाही, तर डब्याची पिन काढा, एक मिनिट थांबा, लावा. तीन-चार मिनिटे कोणी मोबाईल जोडू नका. मग एकेक जोडा.
५. सेटिंगमध्ये पत्ता ‘स्थिर’ नाही, ‘आपोआप’ आहे ना, ते पाहा.
६. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या मोबाईलचे आकडे शेजारी ठेवा. तिसरा भाग वेगळा दिसला तर घरात दुसरा रेक्टर शोधा.
७. डब्याच्या खालचे नाव-पासवर्ड आणि कंपनीने दिलेला ग्राहक क्रमांक वहीत लिहून ठेवा.
८. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. वीज, पाऊस आणि पोर्टल कोणाचे ऐकत नाहीत.

त्या रात्री अर्जाचा क्रमांक वहीत उतरवून झाल्यावर मुलीने आईला जवळ बोलावले आणि मोबाईलवरचा आकडा दाखवला. “हा पाय माय, आपला पत्ता.” आईने तो सावकाश वाचला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात. मग म्हणाली, “लिहून ठेव वं बाई त्या वहीत. उद्या पुन्हा लाईट गेला तं मले माहीत पाहिजे.”